छताला चिकटलेली चप्पल

आजोबांनी उभी हयात जाहिराती लिहिण्यात घालवली. मुख्यतः गाद्यांच्या. मधूनमधून साबण, दंतमंजन, छत्र्या, आणि काही काळ एका अशा यंत्राच्या, की ज्याचा नेमका उपयोग ते बनवणाऱ्यांनाही सांगता येत नसे. त्याचाही खप बरा झाला. "मी खोटं कधीच लिहिलं नाही," असं ते छाती फुगवून सांगत. "खरं कुठून सुरू करायचं, तेवढं फक्त मी ठरवायचो."

अशा माणसाच्या हाती रिकामा वेळ आणि घरातला जुना लॅपटॉप एकदमच लागावा, हे कुठल्याही कुटुंबाला परवडणारं नसतं.

निमित्त झालं भिंगरीचं. भिंगरी म्हणजे नात. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात सुखरूप होतं, घरात ते कोणी काढत नसे, कारण चालायला लागल्यापासून ही मुलगी सरळ अशी चाललीच नव्हती. कोलांट्या काय, हातांवर चालणं काय, दाराच्या चौकटीला पाय लावून वर चढणं काय. पाहुण्यांना तिचे तळपाय आधी दिसत आणि तोंड नंतर. तिचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यात. आई माध्यमिक शाळेत ग्रंथपाल. त्यामुळे शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतची वेळ भिंगरीची आणि आजोबांची. ती घरातल्या बोळातून हातांवर चालत जायची आणि आजोबा उशी घेऊन मागे मागे, पडली तर असावी म्हणून. भिंगरी कधी पडली नाही. उशी मात्र पार झिजली.

आणि आता जिम्नॅस्टिक्सच्या एका निवासी शाळेने भिंगरीला निवडलं होतं. शाळा दूर. सकाळी निघालं तर अंधार पडता पडता पोचणार. हो की नाही, ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

बातमी ऐकल्यावर आजोबा मोठ्याने हसले, भिंगरीच्या पाठीवर थाप मारली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तहान नसताना पाणी प्यायले.

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"मी कोण सांगणारा? आईबाप तुम्ही. तुम्ही ठरवाल ते."

"मी कोण सांगणारा" असं म्हणणारा माणूस सांगितल्याशिवाय राहत नाही, हे सूनबाईला सासरी आल्या आल्याच कळलं होतं. तिने वाट पाहिली. आजोबा काही बोलेनात. तिला वाटलं, वय झालं, निवळले. तिथेच ती फसली.

सांगायचं तर आजोबांना होतंच. पण घरातला म्हातारा बोलला की त्याला कुरकुर म्हणतात. तेच कोणी परक्याने लिहिलं की त्याला मार्गदर्शन म्हणतात. गादी चांगली आहे असं गादीवाल्याने सांगून चालत नाही, पाठ धरलेल्या शेजाऱ्याने सांगावं लागतं. हे सत्य त्यांनी तीस वर्षं वापरलं होतं, आता घरच्याच माणसांवर वापरायला घेतलं.

ब्लॉगचं नाव ठेवलं 'उद्याचं मूल'. लेखक, 'एक ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ'. त्यातले ज्येष्ठ ते निर्विवाद होते. पहिला लेख, 'निवासी शाळा: बालमनावरचे सात गंभीर परिणाम'. सातच का? तर पाच म्हटलं की कमी वाटतात आणि दहा म्हटलं की लोकांना संशय येतो. परिणाम नंतर शोधले.

लेखात जागोजागी 'तज्ज्ञांच्या मते' असं होतं. हे तज्ज्ञ खालच्या मजल्यावर राहत. गादीच्या कारखान्यातले निवृत्त हिशेबनीस, आजोबांचे जुने स्नेही, आणि जन्माचे ब्रह्मचारी.

"अरे, पण मला मुलांतलं काय कळतं?" हिशेबनीस म्हणाले.

"म्हणून तर तुझं मत तटस्थ आहे."

हिशेबनिसांना हे पटलं. तटस्थ तर तटस्थ. लेख बाहेर आल्याबरोबर त्यांनी त्याखाली 'एक त्रस्त पालक' या नावाने प्रतिक्रिया लिहिली: "डोळे उघडले." मग त्यांना त्यात गोडी लागली. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं: "अजूनही उघडेच आहेत."

राहिला फोटो. लेखाला काळजाला हात घालणारा फोटो हवा, हा धंद्यातला पहिला नियम. पण उदास मूल आणायचं कुठून? आजोबांच्या फोनमध्ये फोटो होते ते सगळे भिंगरीचे, आणि भिंगरी कुठल्याही फोटोत उदास नव्हती. शेवटी त्यांना एक पाठमोरा सापडला. बोळात हातांवर उभी, पाय वर ताठ. त्यांनी तो उलटा केला, पंखा दिसत होता तेवढा भाग कापला, आणि स्वतःच चकित झाले. एक मूल उभं आहे, दोन्ही हात वर करून डोक्यावरचं बुटकं छत ढकलतंय, आणि भीतीने केस ताठ उभे राहिलेत. खाली ओळ टाकली: 'कोंडलेलं बालपण'.

त्याच संध्याकाळी तिसरी प्रतिक्रिया आली. नाव, 'वाचक'. मजकूर, "फोटो उलटा आहे."

"कोणाला तरी सुगावा लागलाय," हिशेबनीस कुजबुजले. दार बंद होतं, तरी कुजबुजले.

आजोबांनी ती प्रतिक्रिया उडवून टाकली. हिशेबनिसांनी लेख एका शेजाऱ्याकरवी शाळेच्या पालकांच्या गटावर पोचवला. आता फक्त बघत बसायचं होतं.

सूनबाईने तो जेवणाच्या टेबलावर वाचला. आजोबा वर्तमानपत्राआडून बघत होते. ती एकदा वाचून थांबली नाही, परत वर गेली आणि पुन्हा वाचत खाली आली.

"बाबा, हे वाचलंत?"

"काय ते? हल्ली कोणीही उठतं आणि लिहितं," आजोबा पान उलटत म्हणाले. मग जरा थांबून, "माणूस अनुभवी दिसतो, पण."

सूनबाई भांडी आवरायला उठली. एरवी भांडी आवरताना ती गुणगुणायची, त्या दिवशी नुसता भांड्यांचा आवाज आला. दोन-चार दिवसांनी तिने नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "मला वाटतं, नको म्हणून कळवून टाकू. लहान आहे अजून." बोटीवरून आवाज आला, "तू म्हणशील तसं." बोटीवरून नेहमी हाच आवाज येई.

आजोबांनी ऐकलं. डाव फत्ते झाला होता. इतकी झटपट विक्री त्यांच्या एकाही गादीची झाली नव्हती.

भिंगरीनेही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं, आणि बोळातून आतल्या खोलीत गेली. पायांवर. सरळ, माणसांसारखी. आजोबा उशी हातात धरून बोळाच्या तोंडाशी उभे होते. मग त्यांनी उशी जागेवर ठेवली, आणि ती नीट बसत नाही म्हणून उगाचच परत परत ठेवली.

त्या आठवड्यात सूनबाई म्हणाली, "बाबा, शुक्रवारी माझ्या नववीच्या तासाला याल? शिक्षणावरचे ब्लॉग कसे तपासून वाचायचे ते शिकवतेय. लिहिणाऱ्याचा कल कुठे आहे, हेतू काय आहे. तुमची हयात गेली लोकांना पटवण्यात. चार गोष्टी सांगा पोरांना."

आपल्याच मेव्हण्याच्या घरी चोरी करून वर पोलिसांना मार्ग दाखवायला जावं, तशातला हा प्रकार. पण जुन्या खेळाडूला मैदानाचं आमंत्रण आलं की गुडघे दुखायचे थांबतात. आजोबांनी इस्त्रीचा सदरा काढला.

वाचनालयाची ती खोली लांबट होती. तिन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं, चौथ्या बाजूला फळा. फळ्यावर सूनबाईच्या टपोऱ्या अक्षरांत चार प्रश्न: कोण लिहितंय? कशासाठी? पुरावा काय? काय गाळलंय? पाहुण्यांसाठी पहिल्या बाकाशेजारी खुर्ची ठेवली होती. आजोबा त्यात ऐसपैस बसले. सूनबाईने दिवे मंद केले, भिंतीवर पडदा सोडला, आणि पडद्यावर भला थोरला 'उद्याचं मूल' उमटला.

आजोबा ऐसपैस बसले होते ते अंग चोरून बसले.

"हा लेख आपल्या पालकांच्या गटावर फिरतोय," सूनबाई म्हणाली. "सुरुवात करा."

"बाई, लेखकाचं नावच नाही," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

"तज्ज्ञांच्या मते, तज्ज्ञांच्या मते... एकाही तज्ज्ञाचं नाव नाही."

"पाहणी कोणी केली तेही नाही. किती मुलांची केली, तेही नाही."

"बाई, प्रतिक्रिया अकरा आणि अकराच्या अकरा 'त्रस्त पालक'!" मागून कोणीतरी ओरडलं. "ह्या माणसाला एवढा त्रास असेल तर डॉक्टरकडे का जात नाही?"

वर्ग खिदळला. आजोबा हसले, पाहुण्याने हसावं तेवढं.

"बरं," सूनबाई म्हणाली, "आता हेतू. काय विकतोय हा?"

इथे मात्र वर्गाचं घोडं अडलं. ब्लॉगवर जाहिरात नव्हती. शिकवणी नव्हती, पुस्तक नव्हतं, 'संपर्क साधा' नव्हतं. दुसऱ्या शाळेचं नाव नव्हतं. एकाचं म्हणणं पडलं, लेखकाला लहानपणी कुठल्याच निवासी शाळेने घेतलं नसेल. पण तेवढ्यावरून माणूस सात परिणाम लिहील का, यावर एकमत होईना.

"काही विकत नाहीये, म्हणजे खराच असेल," मागच्या बाकावरचा लांबटांग्या म्हणाला. आजोबांना तो मुलगा एकदम आवडला.

"बाई, फोटोत काहीतरी आहे," चष्मेवाली उठून पडद्याजवळ गेली. "हे बघा. छताला चप्पल कशी चिकटलीय?"

सगळा वर्ग पुढे वाकला. खरंच. त्या कोंडलेल्या बालकाच्या हाताशेजारी, छताला, एक चप्पल निवांत चिकटून होती. पंखा कापला, पण चप्पल राहिली. घाईत चप्पल आठवत नाही. तिचा पट्टा निळ्या सुतळीने बांधलेला होता, हेही पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. आजोबांनी आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

सूनबाईची नजर पडद्यावर होती. ती खाली आली नाही, पण निळ्या सुतळीवर थांबली.

"उलटा करा, उलटा करा!" पोरांनी गलका केला. सूनबाईने फोटो फिरवला.

आणि कोंडलेलं बालपण नाहीसं झालं. बोळात एक पोरगी हातांवर उभी होती. पाठ काठीसारखी सरळ, घोटे जुळलेले, बोटं वर ताणलेली, केस झऱ्यासारखे जमिनीवर सांडलेले. चेहरा दिसत नव्हता, तरी ती हसतेय हे शेवटच्या बाकापर्यंत कळत होतं.

"आई गं!" खेळाच्या पथकातली एक दणकट मुलगी म्हणाली. "तोल बघा तिचा! असं उभं राहायला वर्षं जातात. ही आपल्यापेक्षा मोठी असणार. सतराची तरी."

"अकराची," आजोबा म्हणाले. "आणि वर्षंबिर्षं नाही. एका सुट्टीत शिकली."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हे मोठ्याने बोललो.

"तुम्ही ओळखता हिला?" लांबटांग्याने विचारलं.

"माझी नात आहे."

"मग हा फोटो त्या लेखकाकडे कसा गेला?"

"अरे," चष्मेवाली हळूच म्हणाली, "गेला नाही."

लांबटांग्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो नुसता "ओऽ" म्हणाला. सूनबाईने खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि आवाजात काहीही न आणता म्हणाली, "लेखक वर्गात आहेत. असं दर वेळी घडत नाही. प्रश्न विचारा. नीट विचारा."

आजोबा उठून उभे राहिले. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

"खोटं का लिहिलंत?"

"मी खोटं कधीच..." आजोबांनी नेहमीचं वाक्य काढलं, पण पडद्याकडे नजर गेली आणि ते वाक्य अर्ध्यातच बसलं. "फोटो उलटा केला," ते म्हणाले. "बाकीचं त्याच्यावरून ओळखा."

"एवढ्या मोठ्या लेखात एक गोष्ट कुठेच नाही," चष्मेवाली म्हणाली. "मुलीला काय वाटतं. तुम्ही तिला विचारलंत?"

"नाही."

"का?"

"ती हो म्हणाली असती."

मग लांबटांग्याने विचारलं, आणि त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, "ती गेली तर दुपारी तुम्ही काय करणार?"

आजोबांनी विचार केला. "सात परिणाम लिहिले," ते म्हणाले, "पण तुझं बरोबर आहे. आठवा राहिलाच. तो मुलांवर होत नाही, म्हणून लिहिता आला नाही."

चष्मेवालीने वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं. "म्हणजे हेतू वाईट नाही," ती म्हणाली. "पण लेख वाईट आहे."

"बरोबर," सूनबाई म्हणाली. "हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारायचे."

घंटा झाली.

दोघं घरी निघाली. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या दुकानाशी सूनबाई थांबली. तिने सासऱ्यांच्या पायांकडे पाहिलं, निळी सुतळी पाहिली, आणि तिला हसू फुटलं ते आवरेना. आजोबांना वाटत होतं, ओरडेल. हसण्याची तयारी त्यांनी केली नव्हती.

"बाबा, माझा राग गेला असं समजू नका," ती डोळे पुसत म्हणाली. "तो घरी गेल्यावर काढणार आहे. पण खरं सांगू? रोज पोरांना शिकवते मी हे चार प्रश्न. तुमच्या लेखाला मी एकही विचारला नाही. नाव नाही, पुरावा नाही, तरी पटला. का माहितेय? तिने जाऊ नये असं मलाही वाटत होतं. मला कारण हवं होतं, तुम्ही सात दिलीत. मग रात्री झोप येईना, म्हणून वर्गात नेला. म्हटलं, पोरं वाचतील, त्यांचं काही अडलेलं नाही."

"माझा हेतू ओळखलास," आजोबा म्हणाले. "आणि स्वतःचा?"

"तेच सांगतेय ना. लिहिणाऱ्याचा कल असतो तसा वाचणाऱ्याचाही असतो. ते फळ्यावर लिहायचं राहिलं."

घरी भिंगरी खुर्चीवर बसली होती. नीट, पाय खाली सोडून. ते दृश्य दोघांनाही पाहवेना.

"भिंगरे, मला तुला एक सांगायचंय," आजोबांनी सुरुवात केली. "तो ब्लॉग आहे ना..."

"माझी कमेंट का उडवलीत?" भिंगरी म्हणाली.

"तू? 'वाचक' तू?"

"मग कोण? तुमच्या ब्लॉगला दुसरा वाचक आहे कोण? ते खालचे आजोबा तर नुसते त्रस्त असतात."

"अगं, कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही उडवलंत."

आजोबा समोरच्या खुर्चीत बसले. सूनबाई उभीच होती. मग तिने विचारलं, जे महिनाभर त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. "तुला जायचंय का?"

"जायचंय," भिंगरी म्हणाली. मग आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "भीती पण वाटते. दोन्ही वाटतं. असं चालतं का?"

"चालतं," सूनबाई म्हणाली.

"मग आधी बघून येऊ या," भिंगरी म्हणाली. "आपल्यापैकी कोणी बघितलीच नाहीये ती शाळा."

एवढी साधी गोष्ट एकाही तज्ज्ञाच्या मते नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उंटावरून उतरायचं सुचत नाही.

शनिवारी तिघं निघाली आणि रविवारी त्यांनी शाळा पाहिली. आजोबा चुका काढायच्या तयारीनेच गेले होते आणि त्यांना त्या मिळाल्याही. जेवणघरातलं सूप पातळ होतं. वसतिगृहाची एक खिडकी लागत नव्हती. मग ते कसरतीच्या दालनात गेले आणि तिथे अंथरलेल्या जाड गाद्या पाहून त्यांची पावलं आपोआप वळली. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. कडेची शिवण तपासली. शेवटी चपला काढून चक्क आडवे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. शिक्षिका धावत आल्या, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

"काही नाही हो," सूनबाई म्हणाली. "खात्री करून घेताहेत."

पलीकडे भिंगरी हातांवर उभी होती, आणि तिच्याभोवती तिच्यासारख्याच पाच-सहा उलट्या पोरी तिच्याशी गप्पा मारत होत्या.

ती गेली. निघताना आजोबांनी उशी तिच्या सामानात कोंबली, तिने ती काढून परत दिली. "तिथे गाद्या आहेत. तुम्हीच पाहिल्यात ना? ही तुम्हालाच ठेवा. पाठीला."

शुक्रवारी आजोबा नववीच्या तासाला जातात. आता नेहमीच. मुलं लेख आणतात आणि लिहिणाऱ्याने खरं कुठून सुरू केलंय ते आजोबा दाखवतात. त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला दिसणार?

'उद्याचं मूल' अजून आहे. जुना लेख काढला नाही, चष्मेवालीने काढू दिला नाही. त्याच्या वर नवा आलाय. त्याची सुरुवात अशी: "हा लेख लिहिणारा शिक्षणतज्ज्ञ नाही. तो गाद्यांच्या जाहिराती लिहायचा. त्याची नात या शाळेत शिकते आणि दुपारी त्याला करमत नाही, तेव्हा प्रत्येक वाक्य हे लक्षात ठेवून वाचावं. सूप पातळ आहे. खिडकीचं सांगितलंय. मुलगी पहिले काही दिवस रडली, आता फोनवर बोलायला तिला वेळ नसतो. गाद्या उत्तम आहेत. या एका बाबतीत लेखकाचं मत ग्राह्य धरायला हरकत नाही."

खाली तोच फोटो आहे. पाय वर, पंखा वर, चप्पल जमिनीवर.

त्यावर पहिली प्रतिक्रिया 'वाचक' यांची आली: "आता फोटो सरळ आहे. पण आजोबा, चप्पल नवीन घ्या."

दुसरी 'एक त्रस्त पालक' यांची: "पूर्ण सहमत."

आजोबांनी दोन्ही राहू दिल्या.